हळू येणारी बोट आणि मधला पाय: संवेग-आवेगाचं एक प्रकरण

काय घडलं

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या पर्यटकांची रीघ असते. आमच्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा त्या दिवसांत काकांच्या बोटीवर हाताखाली काम करत होता. किल्ल्यावरून परतलेली भरली बोट जेटीला लागत होती. बोट अगदी सावकाश येत होती, चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी वेगाने. मुलगा बोटीच्या काठावर बसला होता. जेटी हातभर अंतरावर आल्यावर त्याने पाय बाहेर काढला आणि तळवा भिंतीला टेकवून बोट थोपवायला सुरुवात केली. काका सुकाणूवरून ओरडले, "पाय भितर घे रे! बोट हळू येता, पण हलकी नाय ती!" त्याने पाय ओढून घेतला. पुढच्याच क्षणी बोटीच्या कडेला टांगलेला टायर भिंतीवर दबला, सगळे प्रवासी एका बाजूला कलले, बोट थोडी मागे गेली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही.

सुट्टीनंतर त्याने वर्गात विचारलं, "मॅडम, बोट साधारण किती फोर्सने येते?"

या एका प्रश्नावर आम्ही बरेच तास घालवले. तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात असतो, आणि तो मनात आहे तोवर संवेग आणि आवेग हे धडे नुसते सूत्रं होऊन राहतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

प्रश्नातच अडकलेली गोष्ट

वर्गातल्या मुलांना व्याख्या येत होत्या. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे नववीतच झालेलं. आवेग म्हणजे बल गुणिले वेळ, आणि तो संवेगातल्या बदलाएवढा असतो, हेही पाठ होतं. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे का नेतो, याचं उत्तर तर झोपेतून उठवलं तरी देतील. तरीही जेटीवरची बोट समोर येताच सगळे म्हणू लागले की बोटीत 'खूप फोर्स' असतो. कुणी म्हणालं, वेग कमी म्हणजे फोर्सही कमी असणार. कुणी म्हणालं, बोट एकसारख्या वेगाने येत असेल तर त्वरण शून्य, म्हणून फोर्स शून्य. हे शेवटचं उत्तर सूत्राच्या दृष्टीने बिनचूक आहे (निव्वळ बल खरंच शून्य), आणि त्यामुळेच मुलं जास्त गोंधळली. शून्य बल असलेली बोट पाय कसा मोडेल?

चालत्या वस्तूजवळ बल साठवलेलं नसतं. तिच्याजवळ संवेग असतो. बल निर्माण होतं ते दोन वस्तू एकमेकींना भिडल्यावर, आणि ते किती मोठं होईल हे थांबायला किती वेळ मिळतो यावर ठरतं. त्यामुळे 'बोट किती फोर्सने येते' याला उत्तर नाही. 'बोट किती संवेग घेऊन येते' याला उत्तर आहे, आणि तो संवेग काढून घ्यायला किती वेळ मिळेल हे समजलं की बलालाही उत्तर मिळतं.

न्यूटनने १६८७ साली दुसरा नियम मांडला तोही याच अंगाने. त्याने आधी वस्तुमान आणि वेग मिळून होणाऱ्या 'गतीच्या परिमाणा'ची व्याख्या केली आणि मग म्हटलं की लावलेल्या बलाच्या प्रमाणात या परिमाणात बदल होतो. आज आपण शिकवताना बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे रूप पुढे करतो. गणितं सोडवायला ते सोयीचं आहे, पण टकरी समजून घ्यायच्या असतील तर मला न्यूटनचा क्रमच योग्य वाटतो. टक्कर चालू असताना त्वरण क्षणाक्षणाला बदलतं आणि आपल्याला ते दिसतही नाही. आधीचा आणि नंतरचा वेग मात्र मोजता येतो.

आकडे

बोटमालकाच्या अंदाजाने इंजिनासकट बोट अडीच टनांची. त्यात पंचवीस माणसं, प्रत्येकी सरासरी ६० किलो धरली तर १,५०० किलो. एकूण ४,००० किलो. वेगासाठी मुलांनी जेटीवर खडूने खुणा केल्या आणि मोबाईलवर चित्रण केलं. बोट समोरासमोर येत नाही, तिरकी येते. जेटीच्या भिंतीशी साधारण ३० अंशांचा कोन, वेग सेकंदाला १ मीटर. म्हणजे भिंतीच्या दिशेने वेग सेकंदाला अर्धा मीटर, आणि भिंतीला समांतर ०.८७ मीटर. संवेगाला दिशा असते हे वाक्य इथे कामाला येतं, कारण हे दोन भाग वेगवेगळ्या गोष्टी थांबवतात. भिंतीकडचा २,००० एकक संवेग टायर थांबवतो. भिंतीला समांतर जाणारा सुमारे ३,५०० एकक संवेग थांबवायला उलटं फिरवलेलं इंजिन आणि दोर लागतो. (एकक म्हणजे किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद, किंवा न्यूटन सेकंद, दोन्ही एकच.) तांडेल (बोट चालवणारा) तिरका का येतो, याचं हे एक उत्तर आहे: मोठा हिस्सा त्याने सावकाश थांबवण्यासारख्या दिशेला वळवलेला असतो.

आता फक्त भिंतीकडचे २,००० एकक घेऊ. ते शून्यावर आणायचे आहेत. कोणी आणायचे आणि किती वेळात, एवढंच निवडायचं आहे.

जेटीच्या उलट, बोटीपलीकडच्या बाजूने एखादा माणूस दोर लावून सतत ४०० न्यूटनने, म्हणजे साधारण ४० किलोच्या ओढीने, बोट मागे धरत असेल तर त्याला ५ सेकंद लागतील. तेवढ्यात बोट सव्वा मीटर पुढे येईल. टायर असेल आणि तो १० सेंटिमीटर दबत असेल, तर सरासरी वेग पाव मीटर धरून ०.४ सेकंद मिळतात. सरासरी बल ५,००० न्यूटन. टायर नसेल, लाकूड थेट काँक्रीटवर आलं आणि सगळं मिळून १ सेंटिमीटर दबलं, तर ०.०४ सेकंद, बल ५०,००० न्यूटन, म्हणजे पाच टन वजनाइतकं. तिन्ही ठिकाणी आवेग तोच, २,०००.

हे आकडे फळ्यावर आल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे टायरमुळे आवेग कमी होत नाही?" नाही. टायर आवेग कमी करूच शकत नाही. बोट थांबणार असेल तर २,००० द्यावेच लागतील. कमी होतं ते बल.

इथे मी मुलांना चित्रण पुन्हा पाहायला लावलं, कारण त्यात एक गोष्ट होती जी कुणी बोललं नव्हतं. बोट नुसती थांबली नव्हती. टायरने तिला मागे ढकललं होतं, सेकंदाला ०.२ मीटरने. मग संवेगातला बदल किती? वेग एका दिशेने ०.५ होता, तो उलट दिशेने ०.२ झाला. बदल ०.७ चा. गुणिले ४,००० केलं की २,८००. टायरने दिलेला आवेग नुसत्या थांबवण्याला लागतो त्याहून जास्त निघाला! टायर भिंतीला चिकटून राहिल्याचा पूर्ण वेळ चित्रणात सुमारे ०.७ सेकंद दिसत होता, म्हणून सरासरी बल ४,००० न्यूटन. आवेग जास्त, बल कमी, दोन्ही एकाच टायरमुळे. ज्यांच्या डोक्यात 'आवेग म्हणजे जोरदार बल' असं बसलेलं असतं, त्यांची अडचण या एका उदाहरणाने सुटते. दहा व्याख्या लिहून घेतल्या तरी ती सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

सरासरी हा शब्दही नीट धरायला हवा. टायर सुरुवातीला मऊ असतो आणि दबेल तसा घट्ट होतो. बल शून्यापासून वाढत जातं. स्प्रिंगसारखं वागणं गृहीत धरलं तर १० सेंटिमीटरमध्ये बोट थांबवताना शेवटच्या क्षणी ते १०,००० न्यूटनपर्यंत जाईल. बल आणि वेळ यांचा आलेख काढला तर त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे आवेग. टायरचा आलेख रुंद आणि बुटका डोंगर, काँक्रीटचा आलेख अरुंद सुळका. दोन्ही ठिकाणी बोट नुसती थांबली तर क्षेत्रफळ सारखंच.

पाय कधी चालतो आणि कधी नाही

मूळ मुलाचं समाधान यानेही झालं नव्हतं. त्याचं म्हणणं साधं आणि खरं होतं: "पण मी पायाने बोट थांबवलेली आहे. पुष्कळदा." खलाश्यांची पोरं हे करतातच. ते जमतं म्हणून तर करतात. त्याला 'असं करू नये' एवढंच सांगून गप्प बसवणं मला पटलं नाही. कधी जमतं आणि कधी अंगाशी येतं, याचा हिशोब मांडता येतो.

त्याआधी दुसऱ्या एका मुलीने शंका काढली की तो बोटीतच बसलाय, मग बोटीतला माणूस बोटीला कसं थांबवणार. चांगली शंका आहे. थांबवते ती जेटी. मुलगा पायाने जेटीला ढकलतो, जेटी तेवढ्याच बलाने पायाला आणि त्यामार्फत बोटीला मागे रेटते. पाय फक्त मधला दुवा आहे. आणि बोटीचा संवेग जातो कुठे, तर जेटीमार्फत पृथ्वीला. पृथ्वीचं वस्तुमान इतकं प्रचंड की तिचा वेग बदललेला कधीच कळत नाही.

काठावर बसून, एका हाताने दोर धरून, पायाने नेटाने ८०० न्यूटन बल लावता येतं असं धरू. तळवा टेकल्यापासून गुडघा पूर्ण दुमडेपर्यंत पायाला ४० सेंटिमीटर अंतर मिळतं.

सकाळी रिकामी बोट जेटीला लावताना वस्तुमान २,५०० किलो आणि वेग ०.३ मीटर. संवेग ७५०. ८०० न्यूटनने तो एका सेकंदाच्या आत संपतो, आणि तेवढ्या वेळात बोट फक्त १४ सेंटिमीटर सरकते. पाय थोडासाच वाकतो. काम फत्ते, आणि पोराला वाटतं की आपल्या पायात बोट थांबवण्याची ताकद आहे.

आता दुपारची भरली बोट. ४,००० किलो, ०.५ मीटर. ८०० न्यूटनने २,००० एकक संपवायला अडीच सेकंद हवेत, आणि त्यासाठी ६२ सेंटिमीटरहून जास्त अंतर लागेल. पायाजवळ आहेत ४०. गुडघा छातीशी येतो तेव्हा बोट अजून सेकंदाला ०.३ मीटरने येतेच आहे आणि १,२०० एकक संवेग शिल्लक आहे. पाय दुमडून संपला. यापुढे स्नायू काही करू शकत नाहीत. मध्ये उरतात ती हाडं आणि सांधे. ते २ सेंटिमीटरमध्ये बोट थांबवणार असतील तर वेळ मिळतो ०.१३ सेकंद आणि बल होतं ९,००० न्यूटन. नऊशे किलोंच्या वजनाखाली दुमडलेला गुडघा. स्नायूंनी लावलेल्या बलाच्या अकरा पटीहून जास्त बल, आणि तेही पायाने आपलं सगळं काम चोख केल्यानंतर.

हे गणित त्या मुलाने स्वतः फळ्यावर केलं. ९,००० आल्यावर त्याने पुन्हा तपासलं, आणि मग विचारलं की रिकामीच बोट दुप्पट वेगाने आली तर? ०.६ मीटरने. संवेग दुप्पट, १,५००. वेळ दुप्पट, १.९ सेकंद. मग अंतरही दुप्पट, २८ सेंटिमीटर, असं त्याने तोंडीच सांगितलं. लिहून पाहिलं तर ५६ निघाले. चौपट.

संवेगाचा धडा इथे संपवता येत नाही, कारण या चौपटीत दुसरी राशी लपलेली आहे. बल किती वेळ लावावं लागेल हे संवेग सांगतो. बल किती अंतरभर लावावं लागेल हे गतिज ऊर्जा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याच्या निम्मी) सांगते, आणि ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. फरक पक्का करायला मी त्यांना एक जोडी दिली. मोटरसायकल आणि स्वार मिळून २०० किलो, वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. संवेग २,०००, भरल्या बोटीच्या भिंतीकडच्या संवेगाइतकाच. दोघींना ४०० न्यूटनने थांबवा. दोघींना ५ सेकंद लागतात. पण बोट सव्वा मीटरमध्ये थांबते आणि मोटरसायकलला २५ मीटर लागतात. ऊर्जा बोटीची ५०० ज्यूल, मोटरसायकलची १०,००० ज्यूल. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या अनुयायांचा आणि जर्मन गणिती लाइबनिट्सचा याच मुद्द्यावर वाद झाला. देकार्तने गतीचं मोजमाप वस्तुमान गुणिले वेग असं धरलं होतं, आणि त्यात दिशा धरली नव्हती. दिशेची गरज डच शास्त्रज्ञ हायगेन्सने टकरींच्या अभ्यासातून दाखवली. लाइबनिट्सने १६८६ मध्ये वेगाचा वर्ग हवा असं ठासून मांडलं. आज आपल्याला दोन्ही राशी हव्याच असतात. पायाच्या बाबतीत तर हटकून, कारण पायाला वेळ अपुरा पडत नाही. अंतर अपुरं पडतं.

दोराचं कामही मुलांनी याच चष्म्यातून पाहिलं. खलाशी दोर खुंट्याला वेढा देऊन थोडा थोडा सुटू देतो. आधी त्यांना वाटायचं की दोर निसटतोय. घर्षणाने धरलेला दोर सरकत राहतो, म्हणून ताण एका मर्यादेत राहतो आणि बोटीला थांबायला काही सेकंद मिळतात. तोच दोर गाठ मारून घट्ट बांधला असता तर सगळा आवेग एका झटक्यात द्यावा लागला असता, आणि दोर किंवा खुंटा यांपैकी काहीतरी तुटू शकलं असतं.

पाण्याचा हिस्सा

हिशोब आणि चित्रण यांची तोंडमिळवणी करताना एक तफावत राहिली. टायर १० सेंटिमीटरपेक्षा बराच जास्त दबलेला दिसत होता. बोटीचं वजन मालकाने कमी सांगितलं असेल, असा पहिला तर्क झाला. मग एका मुलीने विचारलं, बोट आडवी सरकते तेव्हा तिच्या बाजूचं पाणीही हलतं ना? बोटीला थांबवायचं तर त्या पाण्यालाही थांबवावं लागेल. हा विचार अगदी बरोबर आहे. बंदरांच्या धक्क्यांची रचना करताना अभियंते याच कारणासाठी जहाजाची ऊर्जा एकाहून मोठ्या गुणकाने गुणून घेतात.

किती पाणी सोबत येतं हे आमच्या बोटीपुरतं मोजायचं कसं? मुलांनी ठरवलेली पद्धत मला फार आवडली. आवेगानेच वजन करायचं. भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मधल्या स्तब्ध वेळेला, वारा पडलेला असताना, रिकामी बोट जेटीपासून सुटी केली. आत दोन माणसं, म्हणजे एकूण सुमारे २,६०० किलो. मासे तोलायचा हुकाचा काटा दोराच्या मध्ये बांधला आणि बोट आडवी अशी ओढली की काटा २० किलोंवर स्थिर राहील, म्हणजे जवळपास २०० न्यूटन. बरोबर ५ सेकंद. दिलेला आवेग १,०००. बोट नुसती २,६०० किलोंची असती तर वेग सेकंदाला ०.३८ मीटर यायला हवा होता. चित्रणावरून निघाला ०.२८. म्हणजे हललेलं वस्तुमान सुमारे ३,६०० किलो: बोटीसोबत जवळजवळ एक टन पाणी चाललं होतं. पाण्याचा विरोधही त्यात थोडा मिसळलेला असणार, पण एवढ्या कमी वेगाला तो लहान धरायला हरकत नाही.

तेच प्रमाण भरल्या बोटीला लावलं तर ४,००० चे साधारण ५,५०० होतात. मुलाने पायाचं गणित नव्याने मांडलं. ऊर्जा ५०० ऐवजी जवळपास ६९० ज्यूल. पाय त्यातले ३२० (८०० न्यूटन गुणिले ०.४ मीटर) घेतो. गुडघा पूर्ण दुमडतो तेव्हा वेग ०.३७ च्या आसपास आणि शिल्लक संवेग सुमारे २,०००, म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही अख्ख्या बोटीचा म्हणून काढला होता तेवढा. दोन सेंटिमीटरमध्ये थांबायचं तर गुडघ्यावर १८,००० न्यूटन.